चर्चमधली वाद्ये

चर्च म्हटले की ऑर्गन आलाच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. हिंदी सिनेमांनी ती आणखी पक्की केली. प्रत्यक्षात पहिली अनेक शतके ख्रिस्ती उपासनेत फक्त गळा होता. वाद्ये म्हणजे रोमन नाटकशाळा आणि मेजवान्या, म्हणून धर्माचार्य त्यांना लांबच ठेवत. ऑर्गनही मूळचा दरबारी. ७५७ साली बायझंटाईन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला तो नजराणा म्हणून धाडला. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो रुळला त्यानंतर.

आपल्याकडे टाळ-झांजा नसल्या तरी आरती टाळ्यांवर होते, कारण मुख्य असते ते गाणे. चर्चमध्येही वाद्य साथीलाच असते. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ‘आ कापेला’ (वाद्यांविना गायन) हीच रीत आहे.

मग वाद्य निषिद्धच का? तसेही नाही. बायबलमधले १५०वे स्तोत्र कर्णा, वीणा, डफ, झांजा घेऊन देवाची स्तुती करायला सांगते. धर्मसुधारकांतही एकमत नव्हते: ल्यूथरला संगीत प्रिय, तर झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक असून त्याच्या झुरिकमध्ये ऑर्गन बंद पडले. मराठी मंडळीत (स्थानिक ख्रिस्ती समुदायात) रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर सहज रंगतात.