अठरा मिनिटांची पोळी

टेबलावर पीठ, शेजारी पाण्याचं भांडं, समोर घड्याळ. पिठाला पाणी लागलं की बाई घड्याळ सुरू करतात आणि मुलांचे हात चालू लागतात. मळायचं, लाटायचं, पोळी फुगू नये म्हणून टोचे मारायचे आणि भट्टीत सरकवायचं. सगळं १८ मिनिटांच्या आत. त्यापुढे पीठ आंबतं असं ज्यू धर्मशास्त्र मानतं, आणि पेसाहच्या सणात आंबलेलं पीठ वर्ज्य. मराठी बायबल ज्याला वल्हांडण म्हणतं, तोच हा सण.

सणाच्या तोंडावर अनेक ज्यू शाळांमध्ये ही बिनखमिराची पोळी, म्हणजे मात्सा, मुलांकडून करवून घेतात. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून निघालेल्या पूर्वजांना पीठ आंबेपर्यंत थांबायची सवड नव्हती. घड्याळाकडे बघत घाईघाईनं लाटणाऱ्या मुलाला ती घाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मुलांना गुंतवून शिकवायची ही युक्ती नवी नाही. सेदर म्हणजे पेसाहचं विधिवत जेवण. त्यात पहिले प्रश्न घरातल्या धाकट्या मुलानं विचारायचे असतात. रब्बी अकिवा त्या संध्याकाळी मुलांना भाजलेलं धान्य आणि अक्रोड वाटत, ती झोपू नयेत आणि प्रश्न विचारावेत म्हणून, असं ताल्मूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो.

सुटकेच्या कथेत मिसरवर आलेल्या दहा पीडाही वर्गात रंगतात: प्लॅस्टिकचे बेडूक, गारा म्हणून कापसाचे गोळे, अंधारासाठी काळे चष्मे. पण खेळ इथंच संपला तर धडा अर्धाच राहतो. सेदरमध्ये प्रत्येक पीडेचं नाव घेताना पेल्यातल्या वाइनचा एकेक थेंब काढून टाकतात. मिसरी माणसंही होरपळली, तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला नको, असा त्याचा एक अर्थ सांगतात. वर्गात वाइनऐवजी द्राक्षाचा रस असतो. बशीत पडलेले ते दहा जांभळे थेंब मुलांना नीट बघू द्यावेत, घाई करू नये.

सेदरमध्ये वाचायची पोथी म्हणजे हगादा. तीही मुलं स्वतः चितारतात, आणि पूर्वजांना मिसरमधून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या काळातल्या माणसांना खुशाल आपल्या घरच्यांसारखे कपडे घालतात. त्यांना चूक म्हणण्याआधी १८७४ साली पुण्यात छापलेली हगादा आठवावी. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी काढलेल्या त्या पुस्तकात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि चित्रात मात्सा करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत.