आवारातला सीताअशोक सावरताना

सीताअशोक मूळचा सह्याद्रीच्या सदाहरित रानातला; ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. शहरातल्या आवारात त्याच्या वाट्याला दिवसभराचे ऊन, भिंतींची धग आणि बुंध्यापर्यंत बसवलेल्या फरश्या येतात. मग उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात, शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात आणि जुन्या लाकडावर फुटणारे केशरी-तांबडे गुच्छ विरळ होतात. (कुंपणालगत रांगेने लावलेले उंच, सडपातळ ‘अशोक’ वेगळ्याच कुळातले.)

आधी फांदीची साल नखाने जराशी खरवडून पाहतात. खाली हिरवट ओल लागली तर फांदी जिवंत, कोरडा तपकिरी रंग दिसला तर मेलेली. त्यानंतर बुंधा. जमिनीपाशी खोड थोडे पसरायला हवे. ते खांबासारखे सरळ मातीत गेलेले असेल, तर वर भराव पडला आहे असे समजावे. भरावाखाली साल सतत ओली राहते आणि कुजते. ही माती खुरप्याने, मुळांना धक्का न लावता, त्यांचा पसारा दिसेपर्यंत बाजूला करतात.

खरे काम फरश्या उखडण्याचे, आणि टाळाटाळही तिथेच होते. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात, फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्यापलीकडेही पसरलेली असतात. गाड्या उभ्या राहून माती दबली की तिच्यातली हवा जाते. पाणी वरून वाहून जाते किंवा तुंबते, आणि मुळे गुदमरतात. म्हणून शक्य तेवढा घेर उघडा करून माती वरवर भुसभुशीत करतात, खोल खणत नाहीत. त्यावर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि वर तीन-चार इंच पालापाचोळा. रानातली जमीन अशीच झाकलेली असते. पाचोळा खोडाला मात्र टेकू देत नाहीत.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, घेराच्या कडेला, खोलवर मुरेल असे देतात. बोट घालून माती ओली लागली तर त्या दिवशी देत नाहीत. आजारी झाडाला रासायनिक खताचा डोस देण्याचा मोह होतो. पण मुळेच दुबळी असताना त्यातल्या क्षारांनी ती आणखी करपतात. लहान झाडावर पश्चिमेकडून हिरवी शेडनेट बांधली तर उन्हाळा निभावतो.

नवी पालवी तांबूस, लोंबती आणि मलूल दिसणारी असते. ती सुकली असे समजून पाण्याचा मारा करणारे पुष्कळ. वास्तविक ती झाड सावरत असल्याची खूण असते. फुलांना मात्र आणखी एखाद-दुसरा हंगाम लागू शकतो.

वाळक्या फांद्यांची घाई नसते. पावसाळा सरेपर्यंत जिला कोंब फुटला नाही तीच, खोडाजवळचा फुगीर कंगोरा राखून, धारदार करवतीने कापतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते.