संगणकाची प्रणाली बदलली आणि बाहेरची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीला, दिला जाणारा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला, आणि त्याच्या आगेमागे अनेक घरांतल्या, डीटीपीच्या दुकानांतल्या व फोटो स्टुडिओंतल्या संगणकांवर विंडोज ११ आले. अशा बदलानंतर हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, कालपर्यंत सुरळीत चालणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आज संगणकाला दिसत नाही, किंवा दिसते पण उघडत नाही. बहुतेक वेळा डिस्कवरचा मजकूर शाबूत असतो आणि तुटलेला असतो तो डिस्क व संगणक यांच्यामधला एखादा दुवा. मजकूर खरोखर नष्ट होतो तो बहुधा नंतरच्या घाईगडबडीत, दुरुस्ती समजून दाबलेल्या एखाद्या बटणामुळे.

तपासाची सुरुवात वीज आणि केबल यांच्यापासून करावी, कारण वेगळा अडॅप्टर नसलेली छोटी डिस्क आपली सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच घेते. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळण्याची तरतूद असते, आणि अनेक उपकरणे एकाच हबवर असली की तो वाटला जाऊन डिस्कचा दिवा लागतो पण आतली तबकडी नीट फिरत नाही. म्हणून डिस्क थेट संगणकाच्या पोर्टला, शक्य तर दुसऱ्या केबलने, जोडून पाहावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित उघडली तर दोष डिस्कमध्ये नसून नव्या प्रणालीच्या मांडणीत आहे असे धरून चालावे.

त्यानंतर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट ही खिडकी उघडावी, कारण ‘धिस पीसी’मध्ये न दिसणारी डिस्क तिथे अनेकदा दिसते. प्रत्येक विभागाला विंडोज डी, ई, एफ असे एक अक्षर देते आणि कोणत्या डिस्कला कोणते अक्षर दिले याची नोंद स्वतःजवळ ठेवते. अपग्रेडमध्ये ती नोंद बदलली, किंवा तेच अक्षर दुसऱ्या एखाद्या विभागाकडे गेले, तर डिस्क जोडलेली असूनही बिनअक्षराची राहते आणि फाइलींच्या यादीत येत नाही. हा धोका खुद्द मायक्रोसॉफ्टलाही मान्य करावा लागला होता: २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीच्या वेळी, अपग्रेडमध्ये ड्राइव्हची अक्षरे चुकीची बदलली जात असल्याने, बाहेरची यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड जोडलेल्या संगणकांवर ती आवृत्ती बसूच दिली जात नव्हती. उपाय सोपा आहे. त्या विभागावर उजवी क्लिक करून अक्षर बदलण्याचा पर्याय निवडावा आणि मोकळे अक्षर द्यावे, आणि बॅकअपचा प्रोग्राम जुन्याच अक्षराचा पत्ता शोधत असेल तर शक्यतो तेच अक्षर परत द्यावे. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून दोन्ही एकाच वेळी जोडल्या असतील, तर दोघींची आतली ओळखखूण सारखी असल्यामुळे विंडोज त्यांपैकी एकीला ‘ऑफलाइन’ ठरवते. तीही बिघडलेली नसते.

खरी जपण्याची जागा यापुढे आहे. कधी विंडोज ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश दाखवते, तर कधी डिस्क मॅनेजमेंट ती ‘इनिशिअलाइज’ करायला सुचवते. पहिल्या संदेशाचा अर्थ विंडोजला डिस्कवरील फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारी रचना, वाचता आली नाही एवढाच असतो. दुसऱ्याचा अर्थ विभागांचा नकाशा, म्हणजे पार्टिशन टेबल, ओळखू आला नाही असा असतो. फॉरमॅट केल्याने रिकाम्या फाइल सिस्टिमची नवी रचना जुनीवर लिहिली जाते आणि इनिशिअलाइज केल्याने विभागांचा नवा नकाशा, म्हणून मजकूर हवा असेल तर दोन्हींना नकारच द्यावा. वर्षानुवर्षांची छायाचित्रे पणाला लागलेली असताना इतक्या गंभीर कृतीचा प्रस्ताव इतक्या साध्या चौकटीत समोर यावा, ही या प्रणालीतील मोठी उणीव आहे. चेक डिस्क ही दुरुस्तीची आज्ञाही फाइल सिस्टिममध्ये फेरफार करते, त्यामुळे आधी मजकुराची प्रत घ्यावी आणि मगच ती चालवावी.

डिस्क उघडते पण फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणतो, तेव्हा बहुधा विंडोज नव्याने बसवलेले असते. त्या फोल्डरवर जुन्या खात्याची मालकी नोंदलेली असते आणि नाव तेच असले तरी नवे खाते विंडोजच्या लेखी वेगळे असते, म्हणून प्रशासक खात्यातून मालकी बदलून घ्यावी लागते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि यांपैकी काहीच हाती नसेल तर कोणताही तंत्रज्ञ ते कुलूप उघडू शकत नाही.

मॅक वापरणाऱ्यांना वेगळ्या अडचणी येतात. ॲपलने २०१७ मध्ये हाय सिएरा या आवृत्तीबरोबर मॅकवर एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आणली, पण त्याहून बऱ्याच जुन्या आवृत्त्यांना ती वाचता येत नाही आणि विंडोजलाही स्वतःहून कळत नाही. उलट विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, तिच्यावर लिहिता मात्र येत नाही. अपग्रेडनंतर मजकूर खरोखर गेल्याचे उदाहरणही मॅकवरचेच आहे: २०१३ मध्ये मॅव्हरिक्स ही आवृत्ती आल्यावर बाहेरच्या डिस्कांवरील मजकूर नाहीसा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा वेस्टर्न डिजिटलने आपले काही जोड-सॉफ्टवेअर काढून टाकण्याचे आवाहन ग्राहकांना केले होते.

डिस्कमधून लयीत टकटक असा आवाज येत असेल, तर दोष प्रणालीचा नसून यंत्राचा आहे, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाने तबकडीला इजा होऊ शकते. ती डिस्क ताबडतोब काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्यावी. पेटी फोडून आतली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडण्याचा मोह टाळावा, कारण काही पेट्यांमधली सर्किट पट्टी मजकूर सांकेतिक रूपात बदलूनच डिस्कवर लिहिते, आणि ती पट्टी बाजूला केली की धडधाकट डिस्कवरचा मजकूरही वाचता येत नाही.