देवमाशालाही होतो म्युकर

ढोकीपासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. आमच्या मुलांनी देवमासा ऐकला तो हजरत युनूस (अलैहिस्सलाम) यांच्या किश्शात, आणि पाहिला तो मोबाइलवर. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू अडकलं होतं. लोकांनी खूप खटपट केली, पण ते वाचलं नाही. "अब्बा, देवमाशांना कोणते आजार होतात?" धाकटीने विचारलं. मी वाचायला बसलो.

देवमासा नावालाच मासा. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, मादी पिल्लाला दूध पाजते. मात्र एका श्वासात तो फुप्फुसातली 80 ते 90 टक्के हवा बदलतो. आपण जेमतेम 10 ते 15 टक्के. शिवाय आपल्या नाकात केस आणि नागमोडी वाटा आहेत, धूळ तिथे अडते. त्याला ती सोय नाही. हवेतले बुरशीचे बीजाणू सरळ आत जातात.

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर 1999 पासून 'क्रिप्टोकॉकस गट्टी' नावाची बुरशी माणसांत, कुत्र्या-मांजरांत आणि पॉरपॉइज या डॉल्फिनच्या भाऊबंदांतही सापडू लागली. खरं तर ही झाडांवर आणि मातीत राहणारी. ऑस्ट्रेलियात ती नीलगिरीवर सापडली होती. पुढे अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्याकडे 2012 पासून पॉरपॉइज, सील आणि ऑर्काच्या पिल्लात म्युकरमायकोसिस आढळला.

म्युकर! इथे मी थांबलो. 2021 च्या उन्हाळ्यात माझ्या खालाला तोच झाला होता. कोरोना होऊन गेलेला, स्टेरॉइड चालू, शुगर वाढलेली. एका बाजूचं नाक चोंदलं, गाल सुजून बधिर झाला. दाढ दुखत असेल म्हणून आम्ही चार दिवस घालवले. आजही ते चार दिवस मला बोचतात. त्या लक्षणांत त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठायला हवा होता. ऑपरेशनमध्ये डावा डोळा काढावा लागला.

घरी आल्यावर शेजारणींनी येणं बंद केलं. खालाला डोळ्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं. म्युकर माणसापासून माणसाला लागत नाही. त्याचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. रोज आपल्या नाकात जातात आणि निरोगी शरीर त्यांना परतवून लावतं.

परवा हे सारं खालाला सांगितलं. ती म्हणाली, "त्या माशांनाही शुगर असते का रे?"

मी म्हणालो, तिथल्या काही ऑर्कांना पोटभर सामन मासा मिळत नाही, आणि त्यांच्या चरबीत कारखान्यांची रसायनं साठली आहेत. अशा अंगाची आजाराला रोखायची ताकद कमी होते.

"म्हणजे तीही अशक्तच," खाला म्हणाली, आणि शुगरची गोळी शोधू लागली.