नोकरी आणि लेखणी (भाग सातवा) : सीईओचं पान आणि शेअर बाजाराचा कायदा

आयबीएमवरचा भाग आज येणार होता, तो पुढच्या आठवड्यात. मायक्रोसॉफ्टवरच्या गेल्या भागानंतर हिंजवडीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन पुढे जाणं मला जमेना. ते शेअर बाजारात नोंदलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. त्यांनी विचारलं आहे : "मायक्रोसॉफ्टचे रॉबर्ट स्कोबल आपल्याच कंपनीबद्दल मोकळेपणानं लिहीत होते, हे वाचून आनंद झाला. पण नोंदणीकृत कंपनीच्या कर्मचाऱ्यानं असं उघड लिहिलं तर कायदा आडवा येत नाही का? आणि खुद्द सीईओनंच ब्लॉगवर काही लिहिलं, तर ती कंपनीची घोषणा धरायची की त्यांचं वैयक्तिक मत?"

हा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. कारण तो एका सीईओनं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकालाच विचारला होता आणि त्यातून नियमाचा अर्थ बदलला. ती कंपनी म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स. जावा ही भाषा, सोलॅरिस ही कार्यप्रणाली आणि बँका-टेलिफोन कंपन्यांच्या तळघरांत चालणारे मोठे सर्व्हर बनवणारी.

२००४ साल सनसाठी वाईट होतं. डॉट-कॉमच्या लाटेत सर्व्हर विकत घेणारी गिऱ्हाइकं त्या लाटेबरोबरच बुडाली होती, शेअर कोसळला होता, नोकरकपात चालू होती. त्याच वर्षी मार्चमध्ये टिम ब्रे सनमध्ये रुजू झाले. 'एक्सएमएल'च्या १९९८च्या मूळ विनिर्देशाचे ते एक संपादक. स्वतःचा ब्लॉग ते आदल्या वर्षापासूनच लिहीत होते. कर्मचाऱ्यांनी जाहीर लिहिण्याविषयीचं कंपनीचं धोरण तयार करण्यात त्यांचा पुढाकार होता. ते धोरण आजही वाचावं असं आहे, कारण ते मनाई करून सुरू होत नाही. तुम्ही जे काम करता ते जगाला सांगा, त्यासाठी आधी परवानगी मागू नका, फक्त हा सल्ला वाचून घ्या, असा त्याचा सूर आहे. मग सल्ला येतो : गुपितं फोडू नका, ज्यातलं कळतं त्यावर लिहा, वाचावंसं वाटेल असं लिहा, परिणामांचा विचार करा.

एका बाबतीत मात्र धोरण एकदम कडक होतं. महसूल किती होईल, नवं उत्पादन कोणत्या तारखेला येईल, शेअरचं काय होईल, यावर लिहाल तर तुम्ही, कंपनी किंवा दोघंही कायद्याच्या अडचणीत याल, असं त्यात स्पष्ट बजावलं होतं. पैसा आणि तारखा एवढंच कुंपणात. बाकी सगळं रान मोकळं.

धोरणाबरोबर जागाही मिळाली. डेव्ह जॉन्सन यांनी लिहिलेलं 'रोलर' नावाचं मुक्त ब्लॉग-सॉफ्टवेअर सननं घेतलं, जॉन्सन यांनाही नोकरीत घेतलं, आणि कंपनीच्या पत्त्यावर कुणाही कर्मचाऱ्याला स्वतःचं पान उघडता येऊ लागलं. मजकूर आधी जनसंपर्क विभागाला दाखवायचा नव्हता, साहेबांची सहीही लागत नव्हती. बघता बघता लिहिणाऱ्यांची संख्या हजारांवर गेली.

ते काय लिहीत होते? जून २००५ मध्ये सोलॅरिसचा स्रोत 'ओपनसोलॅरिस' म्हणून खुला झाला, त्या दिवसाचं उदाहरण घ्या. कोडच्या लाखो ओळी एकदम समोर आल्यावर बाहेरच्या माणसानं कुठून वाचायला सुरुवात करायची? सनच्या अनेक इंजिनिअरांनी त्याच दिवशी आपापल्या पानावर आपण लिहिलेला भाग उलगडून दाखवला : ही रचना अशी का, ही ओळ इथे कशी आली, हा दोष शोधायला कुठे कुठे फिरावं लागलं. ब्रायन कॅन्ट्रिल हे 'डीट्रेस' या सोलॅरिसमधल्या तपासणी-साधनाच्या तिघा कर्त्यांपैकी एक. त्यांनी तर वाचकाला कर्नलमधल्या अंधाऱ्या, अवघड कोपऱ्यांतून फिरवून आणलं. माहितीपत्रकात असलं काही येत नाही. ते लिहायला कोड लिहिणारा माणूसच लागतो.

दुसरं उदाहरण माझं विशेष लाडकं. २००८च्या अखेरीस सनच्या ब्रेंडन ग्रेग यांचा एक छोटा व्हिडिओ आला. ते सर्व्हरच्या खोलीत हार्ड डिस्कच्या मांडणीसमोर उभे राहतात आणि डिस्कवर जिवाच्या आकांतानं ओरडतात. मग पडद्यावरचा आलेख दाखवतात. ज्या क्षणी ओरडले, त्याच क्षणी काही वाचन-लेखनांना लागणारा वेळ उसळलेला दिसतो. कारण साधं आहे. फिरत्या तबकडीवर वाचन-लेखन करणारा हेड अतिशय बारीक रेषेवर स्थिर राहावा लागतो. आवाजाच्या कंपनानं तो रेषेवरून ढळला की डिस्कला तेच काम पुन्हा करावं लागतं. कंपनं डिस्कला बाधतात हे साठवणुकीच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक होतंच. पण तो आलेख काढणारं सनचं विश्लेषणाचं नवं साधन किती बारीक पाहू शकतं, हे त्या दोनेक मिनिटांनी ज्या ताकदीनं दाखवलं, ते कोणत्याही जाहिरातीला साधलं नसतं. ग्रेग यांनी महसूल सांगितला नाही की तारीख सांगितली नाही. कुंपणाबाहेरचं रान किती मोठं होतं, ते यावरून कळतं.

आता सीईओंकडे येऊ. जोनाथन श्वार्ट्झ यांनी २००४ मध्ये, कंपनीचे अध्यक्ष झाल्यानंतर थोड्याच दिवसांत ब्लॉग सुरू केला. एप्रिल २००६ मध्ये ते सीईओ झाले आणि लिहीत राहिले. त्यांच्या लेखांचे अनुवाद इतर भाषांतही निघत. गुंतवणूकदार, विश्लेषक, प्रतिस्पर्धी, सगळे ते पान वाचत. तरीही एक गोष्ट त्यांना तिथे करता येत नव्हती : शेअरच्या भावावर परिणाम होईल अशी बातमी सगळ्यांत आधी त्या पानावर देणं.

अडचण होती 'रेग्युलेशन एफडी' या नियमाची. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं, म्हणजे एसईसीनं, तो ऑक्टोबर २००० पासून लागू केला. त्याआधी काय चालायचं? कंपनीचे अधिकारी मर्जीतल्या विश्लेषकांना फोनवर किंवा बंद बैठकीत आतली माहिती देत. त्यांचे बडे ग्राहक शेअर घेऊन वा विकून मोकळे होत आणि सामान्य गुंतवणूकदाराला बातमी शिळी झाल्यावर कळे. नव्या नियमानं सांगितलं : महत्त्वाची माहिती एकाला सांगायची तर सगळ्यांना एकाच वेळी सांगा. हेतू अगदी न्याय्य. पण 'सगळ्यांना' सांगायचे रूढ मार्ग होते ते आयोगाकडे नोंद, वृत्तसेवांना प्रसिद्धिपत्रक आणि सर्वांना ऐकता येणारी परिषद. कुणालाही फुकट उघडता येणारं कंपनीचं स्वतःचं पान तेवढं पुरेसं धरलं जाईल, याची खात्री नव्हती.

श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये एसईसीचे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांना पत्र लिहिलं आणि ते ब्लॉगवरही छापलं. म्हणणं असं, की ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्या प्रत्येकाला हे पान वाचता येतं, फीड घेता येते, पैसे पडत नाहीत. मग माहिती सर्वांना समान देण्याचा नियमाचा हेतू इथे जास्त पुरा होत नाही का? कॉक्स यांनी पत्राचं उत्तर दिलं आणि श्वार्ट्झ यांच्या ब्लॉगवर, इतर वाचक लिहितात त्याच प्रतिसादांच्या जागी, स्वतःही ते नोंदवलं. कल्पनेचं त्यांनी स्वागत केलं आणि एक अत्यंत रास्त प्रश्न विचारला : असं पान खरोखर व्यापक वर्गापर्यंत, कुणालाही न वगळता पोचतं, याची हमी कशी द्यायची? एक नियामक उघड जागेवर येऊन उघड चर्चा करतो, हे तेव्हा फार नवं होतं. आजही विरळाच.

जुलै २००७ मध्ये सननं पुढचं पाऊल टाकलं. तिमाही निकाल आपल्या संकेतस्थळावर, फीडवर आणि आयोगाकडे आधी दिले, वृत्तसेवांना नंतर. आणि ऑगस्ट २००८ मध्ये एसईसीनं कंपन्यांच्या संकेतस्थळांविषयी मार्गदर्शन काढलं. त्यात कसोट्या आहेत : गुंतवणूकदार बातमीसाठी या पानाकडे पाहतात, हे प्रस्थापित झालं आहे का? माहिती बाजाराला सहज मिळेल अशा रीतीनं टाकली का? ती पचायला पुरेसा वेळ दिला का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील, तर पानावर टाकलेली माहिती जाहीर झाली असं मानता येईल.

याच मार्गदर्शनातला आणखी एक मुद्दा कर्मचाऱ्यांच्या कामाचा आहे. 'ही माझी वैयक्तिक मतं आहेत' अशी ओळ खाली टाकली की जबाबदारी संपली, असं अनेक जण समजतात. आयोगानं सांगितलं, की जो कंपनीच्या वतीनं बोलतो आहे, त्याची जबाबदारी अशा ओळीनं टळत नाही. साधा इंजिनिअर आपल्या कामाविषयी लिहितो तेव्हा ती ओळ वाचकाला खरी माहिती देते. वित्तप्रमुख निकालाविषयी लिहून ती ओळ जोडतो तेव्हा तिला अर्थ उरत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्स यांनी फेसबुकवर लिहिलं, की जूनमध्ये प्रेक्षकांनी १ अब्ज तासांहून जास्त पाहिलं. एसईसीनं चौकशी केली. एप्रिल २०१३ मध्ये कारवाई न करता तिनं स्पष्ट केलं, की समाजमाध्यमंही चालतील, मात्र आम्ही बातमी कुठे देतो हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं हवं.

आता हिंजवडीच्या वाचकांचं उत्तर. आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. सेबीच्या २०१५च्या नोंदणी व प्रकटीकरण नियमांनुसार कंपनीनं महत्त्वाची माहिती सर्वांत आधी शेअर बाजाराला कळवायची असते. त्यामुळे तुमच्या सीईओंनी निकालाची किंवा मोठ्या कराराची बातमी आधी ब्लॉगवर दिली, तर तेवढ्यानं ती रीतसर घोषणा होत नाही. शिवाय त्याच वर्षीच्या अंतर्गत व्यापारबंदीच्या नियमांप्रमाणे भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती कुणीच बाहेर सांगायची नाही. सीईओंनी नाही, तुम्हीही नाही. हे फक्त ब्लॉगला लागू आहे असं समजू नका. २०१७ मध्ये काही कंपन्यांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपच्या गटांत फिरल्याचं उघड झालं आणि सेबीनं चौकशी लावली. बंद गटात टाकलेला आकडा उघड पानावरच्या आकड्याइतकाच धोक्याचा आहे.

म्हणून कायदा आडवा येतो का, तर येतो. पण एका ठरावीक जागी. निकाल, करार, ग्राहकांची गुपितं, उत्पादनाच्या तारखा : इथे हात लावू नका. तुम्ही सोडवलेला प्रश्न, वापरलेली पद्धत, फसलेला प्रयोग, शिकलेली गोष्ट हे मात्र गुपित न फोडता लिहिण्यासारखं भरपूर असतं आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही. तिथे अडवते ती बहुतेक वेळा कंपनीची भीती. त्या भीतीपोटी काही कंपन्या वीस पानी मनाई लिहितात. ती कुणी वाचत नाही. चांगले लोक लिहिणं थांबवतात आणि बेफिकीर लोक तरीही लिहितात. सननं नेमकं कुंपण दाखवलं आणि बाकीचा विवेक लिहिणाऱ्यावर सोपवला. माझ्या मते या सबंध लेखमालेतलं सर्वांत शहाणपणाचं धोरण ते हेच.

ओरॅकलनं २०१० मध्ये सन ताब्यात घेतल्यावर त्या हजारो पानांचं काय झालं, हा मोठा विषय आहे. त्याला स्वतंत्र भाग देईन. पुढच्या आठवड्यात नक्की आयबीएम : २००५ मध्ये तिथल्या ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनी विकीवर एकत्र बसून स्वतःचे नियम स्वतः कसे लिहिले, ते पाहू. तोवर एक विनंती. तुमच्या कंपनीचं लिहिण्याविषयीचं धोरण शोधा, पूर्ण वाचा. कुंपण कुठे आहे हे त्यात स्पष्ट नसेल तर लेखी विचारा. आणि उत्तर मिळालं की लिहायला बसा.