शीर सांपडत नाहीं तेव्हां

शरीरांत औषध त्वरेनें पोंचवावयाचें, तर शीर हा राजमार्ग होय. परंतु ज्या रुग्णाला या मार्गाची निकड सर्वांत अधिक, नेमका त्याच्याच बाबतींत तो बंद होतो. पटकीनें अंगांतलें पाणी निघून गेलेलें मूल, अपघातांत अतोनात रक्त गेलेला तरुण, हृदयक्रिया थांबलेला गृहस्थ, यांच्या शिरा रित्या पिशवीसारख्या चपट्या होतात. सुई हातीं असून ती घालण्यास जागा सांपडत नाहीं. अशा वेळेसाठीं वैद्यकशास्त्रानें दुसरें एक दार शोधून काढलें आहे. तें दार म्हणजे हाड.

हाड म्हणजे वाळलेलें लाकूड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण जिवंत हाड तसें नसतें. त्याचें कवच कठीण असलें, तरी आंत मज्जेनें भरलेला सच्छिद्र भाग असतो आणि त्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें असतें. त्यांतील रक्त मोठ्या शिरांना मिळून हृदयाकडे जातें. भोंवतीं हाडाची भिंत असल्यामुळें हें जाळें रक्ताच्या टंचाईंतहि मिटत नाहीं. म्हणून मज्जेंत सोडलेलें औषध कांहीं क्षणांतच रक्तप्रवाहांत मिसळतें. आणीबाणींत शिरेंतून जें द्यावयाचें, तें क्षारजल, रक्त आणि औषधें हाडांतूनहि देतां येतात.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे सेसिल ड्रिंकर यांनीं १९२२ सालीं मज्जेंतील रक्ताभिसरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धांत छातीच्या हाडांतून जखमी सैनिकांना रक्तद्रव देण्यांत आला. पुढें शिरेंत ठेवतां येणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या निघाल्या आणि ही रीत मागें पडली. तिचें पुनरुज्जीवन भारतामुळें झालें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनीं भारतांत पटकीच्या साथींत रुग्णांच्या हाडांतून पाणी चढवितांना पाहिलें आणि १९८४ सालीं लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना या विसरलेल्या उपायाची आठवण करून दिली.

हा उपाय केव्हां योजावा? अशक्तपणा किंवा साधा ताप यांसाठीं खचितच नव्हे. मूल पिऊं शकत असेल, तर जलसंजीवनीचा घोट पुरे. परंतु मूल निपचित पडलें आहे, हातपाय गार झाले आहेत, नाडी लागत नाहीं आणि मिनिट-दीड मिनिटांत शीर मिळत नाहीं, अशा वेळीं शिरेचा शोध लांबवूं नये. हृदय थांबलेल्या मुलाच्या बाबतींत तर मुळींच नाहीं.

कृति थोडक्यांत अशी. बहुधा नडगीच्या हाडाचा गुडघ्याखालचा, आंतील बाजूचा सपाट भाग निवडतात. मोठ्या माणसांत खांद्याजवळचें दंडाचें हाडहि चालतें. कातडी जंतुनाशकानें स्वच्छ करून, पाय स्थिर धरून, जाड व मजबूत सुई हाडाशीं काटकोनांत घालतात. ती हातानें पिळीत घालतात किंवा विजेरीवर चालणाऱ्या लहान गिरमिटानें. कवच भेदलें, कीं विरोध एकाएकीं सुटतो व सुई आधारावांचून उभी राहते. मग थोडें क्षारजल जोरानें सोडून भोंवतीं सूज येत नाहीं ना, हें पाहतात. नुसत्या टांगलेल्या बाटलीनें धार मंद पडते. म्हणून पिचकारीनें किंवा दाबाच्या पिशवीनें द्रव आंत ढकलावा लागतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णास टोंचण्यापेक्षां या दाबाचीच वेदना अधिक होते, यास्तव आधीं बधिर करणारें औषध सोडतात. शीर मिळाली, कीं सुई काढतात. चोवीस तासांपलीकडे ती ठेवीत नाहींत.

मोडलेल्या हाडांत, पुवाळलेल्या कातडींतून किंवा नुकत्याच टोंचलेल्या हाडांत सुई घालीत नाहींत. सुई सरकल्यास द्रव पोटरींत झिरपून स्नायूंना इजा होते. क्वचित् हाडांत जंतुसंसर्ग होतो. शिवाय हा मार्ग शिरेहून श्रेष्ठ नाहीं. ब्रिटनमध्यें हृदय थांबलेल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चांचणीचा निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत महिनाभर जगलेल्यांचें प्रमाण आधीं हाडाचा मार्ग योजलेल्या गटांत शेंकडा ४.५, तर आधीं शिरेचा मार्ग योजलेल्या गटांत ५.१ होतें, हा फरक निर्णायक नव्हता. तात्पर्य, प्रौढांत आधीं शीर पाहावी, ती न मिळाल्यास हाड.

इंग्लंड-अमेरिकेंत हें काम रुग्णवाहिकेवरील प्रशिक्षित पॅरामेडिक करतात. महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झालेली १०८ क्रमांकाची सेवा गाडीवर डॉक्टर असावा, या तत्त्वावर उभी आहे. छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीनसारख्या गांवीं या ज्ञानाचें मोल विशेष. तेथें आतां औद्योगिक वसाहत उभी राहत आहे आणि शहरांतील मोठें रुग्णालय मात्र दूर आहे. तेवढें अंतर तोडीपर्यंत प्राण टिकवावयाचा, तर पहिल्या कांहीं मिनिटांतच रक्तांत द्रव पोंचला पाहिजे.

यंत्र आणि कौशल्य यांखेरीज येथें आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे आप्तांचा धीर. मुलाच्या पायांत गिरमिट शिरतांना पाहून आईबापांचा जीव गलबलतो, हें स्वाभाविकच आहे. कोणी डॉक्टरांचा हातहि धरील. पण हाडाला पडलेलें तें बारीक छिद्र पुढें भरून येतें. दवडलेलीं मिनिटें मात्र परत येत नाहींत.