जुनी तीच, तरी नवी : एका मोटारीची साठ वर्षें

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें आणि मोटारीशीं ज्याचा संबंध एस. टी. च्या बांकापलीकडे फारसा आला नाहीं, अशा माणसानें शर्यतीच्या घाटाच्या मोटारींवर लेख लिहावा, याचें वाचकांस नवल वाटेल. मलाही तें वाटत आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यांत मुलीच्या घरीं, जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं, दोन महिने राहण्याचा योग आला. तेव्हां एका रविवारीं जांवयांनीं आम्हां उभयतांस त्सुफेनहाउझेन या उपनगरांतील पोर्शे कारखान्याचें संग्रहालय दाखविण्यास नेलें. २००९ सालीं उघडलेल्या या भव्य वास्तूंत ‘९११’ या एकाच नांवाच्या निरनिराळ्या काळच्या मोटारी मांडलेल्या आहेत. त्या पाहतां पाहतां दहा वर्षांच्या नातवानें माझा हात ओढून विचारलें, “आजोबा, ह्या सगळ्या वेगवेगळ्या आहेत, तर मग ह्यांचें नांव एकच कसें?”

प्रश्न पोराचा खरा, पण त्यानें माझी पाठ सोडली नाहीं. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत पतंजलीनें नित्य कशास म्हणावें याचा ऊहापोह केला आहे. सोन्याच्या गोळ्याचा एक अलंकार घडवावा, तो मोडून दुसरा घडवावा. आकार जातात, सोनें राहतें. पण तेवढ्यावर तो थांबत नाहीं. ज्याचें तत्त्व नाहींसें होत नाहीं तेंही नित्यच समजावें, असा त्याचा अभिप्राय आहे. या मोटारीच्या बाबतींत आकार थोडासा राहिला आहे आणि सोनें मात्र बहुतेक सारें बदललें आहे. मग राहिलें तें काय? या प्रश्नावर त्या कारखान्याचें जगणें-मरणें एकदां नव्हे, दोनदां अवलंबून होतें, असें पुढें वाचनांत आलें, आणि म्हणून हा लेख.

फर्डिनंड पोर्शे हा मूळचा बोहेमियांतील यंत्रज्ञ. हिटलरच्या राजवटींत सामान्य जनांसाठीं जी स्वस्त मोटार त्यानें योजिली, ती पुढें वोक्सवागन म्हणून जगभर पसरली. तिचें एंजिन पाठीमागें होतें, आणि तें पाण्यानें नव्हे, तर वाऱ्यानें थंड होत असे. महायुद्धानंतर त्याचा पुत्र फेरी पोर्शे यानें १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं ३५६ या नांवाची मोटार सिद्ध केली. तिचे कित्येक भाग वोक्सवागनचेच होते, आणि विक्रीस आलेल्या गाड्यांत एंजिनही तसेंच मागील आंसाच्या पलीकडे बसविलेलें होतें. म्हणजे पुढें ज्यास परंपरा म्हणूं लागले, तिचा उगम कोणत्याही गहन सिद्धान्तांत नाहीं. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत हाताशीं होतें तें वापरलें, इतकेंच.

३५६ ची जागा घेण्यासाठीं जी नवी मोटार तयार झाली, ती १९६३ च्या सप्टेंबरांत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिची आकृति फेरीचा पुत्र फर्डिनंड आलेक्झांडर यानें रेखिली. त्याचें वय त्या वेळीं अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. गाडीचें नांव ठरलें होतें ९०१. परंतु मधें शून्य असलेले तीन आंकडी क्रमांक मोटारींस देण्याचा फ्रान्समधील हक्क आपला आहे, अशी हरकत प्यूजो या कारखान्यानें घेतली, आणि १९६४ सालीं शून्याच्या जागीं एक घालून ९११ हें नांव कायम करण्यांत आलें. गोल दिवे, त्या दिव्यांच्या मधून खालीं उतरणारें पुढचें झांकण, आणि छपरापासून मागच्या टोकापर्यंत एका रेषेंत ओघळत गेलेली पाठ, असें तिचें रूप होतें. दोहों बाजूंस तीन तीन सिलिंडर आडवे निजविलेलें तिचें दोन लिटरचें एंजिन १३० अश्वशक्तीचें असून वाऱ्यानेंच थंड होत असे. चालकापुढें पांच गोल तबकड्या होत्या. त्यांतील मधली मोठी तबकडी वेगाची नसून एंजिनाच्या फेऱ्यांची होती. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या हातास. पूर्वीं ल मान्सच्या शर्यतींत चालक धांवत येऊन गाडींत बसत, तेव्हां डाव्या हातानें एंजिन सुरू करून उजव्या हातानें गिअर टाकतां यावा म्हणून ती तेथें ठेविली, असें सांगतात.

आतां या रचनेंतील दोष पाहावा. बैलगाडींत मागें ओझें अधिक झालें म्हणजे ती उलाळ होते, हें आपणांस ठाऊक आहे. या मोटारीचें सारें जड यंत्र मागील चाकांच्याही मागें. सरळ रस्त्यावर त्याचा लाभच होतो. ज्या चाकांनीं गाडी ढकलावयाची त्यांच्यावरच भार असल्यामुळें तीं जमीन घट्ट धरतात. पण वळणावर वेगांत असतां चालकानें भिऊन पाय एकदम उचलला, कीं भार पुढें झुकतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि शेपूट बाहेर फेंकली जाते. या मोटारीचा असा लौकिक झाला कीं, ती कुशल माणसास प्रसन्न व्हावी आणि अर्धवट माणसास शासन करावें. दोष उघड होता, आणि त्यावर सोपा उपायही उघड होता : एंजिन उचलून दुसरीकडे बसवावें.

कारखान्यानें तसें केलें नाहीं. १९६८ सालीं पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनीं, म्हणजे सुमारें तीन बोटांनीं, वाढविलें. पुढें मागचे टायर अधिक रुंद केले. १९७२ सालीं एका प्रकारास मागें बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला, जेणेंकरून भरवेगांत वाऱ्यानें मागची बाजू उचलली जाऊं नये. १९८८ सालीं चारही चाकांस एंजिनाची ओढ मिळेल अशी गाडी काढली. १९९३ च्या गाडींत मागील चाकांचें सस्पेन्शन समूळ निराळें केलें, आणि २०११ सालीं चाकांमधील अंतर आणखी १०० मिलिमीटरांनीं वाढविलें. एंजिन मात्र मागेंच राहिलें.

ही चिकाटी सुरुवातीपासून सर्वांस मान्य होती असें मात्र नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत कारखान्याचे प्रमुख डॉ. एर्न्स्ट फुहरमान हे स्वतः नामांकित एंजिनकार. अमेरिकेंतील आवाजाचे व धुराचे नवे कायदे पाहतां वाऱ्यानें थंड होणाऱ्या मागच्या एंजिनास भवितव्य नाहीं, असें त्यांचें मत झालें. तें मत मूर्खपणाचें मुळींच नव्हतें. त्यांच्या कारकीर्दींत १९७७ सालीं ९२८ ही मोटार निघाली. पुढें आठ सिलिंडरांचें, पाण्यानें थंड होणारें एंजिन, मागें गिअरपेटी, आणि त्यामुळें दोन्ही आंसांवर जवळ जवळ सारखा भार. १९७८ ची युरोपांतील सर्वोत्कृष्ट मोटार म्हणून तिचा गौरव झाला. शास्त्रदृष्ट्या ती ९११ हून सरस होती, आणि ९११ ची वारस म्हणूनच ती योजिली होती. पण गिऱ्हाइकांनीं वारसा मानला नाहीं. ९२८ विकली गेली, पण ९११ च्या जागीं नव्हे.

१९८१ च्या आरंभीं पीटर शुट्झ हे कारखान्याचे प्रमुख झाले. हे बर्लिनमध्यें जन्मलेले, पण अमेरिकेंत वाढलेले. त्यांनीं स्वतः सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. मुख्य यंत्रज्ञ हेल्मुट बोट यांच्या खोलींत भिंतीवर एक तक्ता होता. त्यांत प्रत्येक मोटारीच्या पुढील वर्षांची रेघ काढलेली होती. इतर गाड्यांच्या रेघा पुढें पुढें जात होत्या. ९११ ची रेघ १९८१ पाशीं संपली होती. शुट्झ यांनीं काळी लेखणी घेतली, ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत नेली, तेथून भिंतीवर, आणि भिंतीवरून थेट दाराबाहेर. बोट यांच्या चेहऱ्यावर हास्य उमटलें. हकीकतींत थोडें मीठमसाला असेलही. निर्णय मात्र खरा, आणि त्या निर्णयामुळें ती मोटार वांचली.

परंतु जुनें राखलें म्हणजे भागतें असें नाहीं, हें पुढील दहा वर्षांत दिसून आलें. १९८६ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मोटारी विकणारा कारखाना १९९३ पर्यंत पंधरा हजारांच्या घरांत आला. डॉलर स्वस्त झाल्यानें अमेरिकेंत किंमती भडकल्या होत्या, आणि करण्याची रीत जुनी व खर्चिक होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनीं टोयोटाच्या पद्धतींत मुरलेले जपानी सल्लागार बोलाविले. सुट्या भागांनीं भरलेल्या उंच फडताळांचा वरचा भाग त्यांनीं स्वतः हातांत करवत घेऊन कापला, ही गोष्ट तेथें अजून सांगतात. नजर अडेल इतका माल सांठवूं नये, हा त्यांतील धडा. हातांच्या कौशल्याचा अभिमान बाळगणाऱ्या जर्मन कारागिरांस परक्यांकडून हें शिकणें किती जड गेलें असेल, याची कल्पनाच करावी.

त्याच कठीण काळांत सर्वांत मोठा बदल झाला. सिलिंडरास चार व्हॉल्व्ह बसविल्यास एंजिन अधिक शक्ति देतें व धूर कमी करतें, पण त्याच्या माथ्यावरील उष्णता नुसत्या वाऱ्यास आवरेना; शिवाय पाण्याच्या वेष्टनानें आवाजही दबतो. म्हणून १९९७ सालीं आलेल्या नव्या ९११ मध्यें चौतीस वर्षांची वाऱ्याची रीत सोडून पाणी आलें, आणि १९९८ सालीं जुन्या रीतीच्या गाड्या बंद झाल्या. भक्तमंडळींत हाहाकार झाला. पण गंमत अशी कीं, पाण्यापेक्षांही अधिक राग दिव्यांवर निघाला. पैसा वांचविण्यासाठीं बॉक्स्टर या स्वस्त भावंडाचेच दिवे ९११ ला बसविले होते. गोल दिवा आणि वळण्याचा इशारा देणारा पिवळा दिवा एकाच वेड्यावांकड्या कांचेखालीं. लोकांनीं त्यास ‘तव्यावरचें अंडें’ म्हणून हिणविलें. २००४ च्या नव्या गाडींत दिवे पुन्हां गोल झाले. पाणी मात्र राहिलें, आणि आज त्याविषयीं कोणी तक्रार करीत नाहीं.

इतर कारखान्यांनीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे. इंग्लंडांतील माल्व्हर्न गांवचा मॉर्गन कारखाना अजूनही आपल्या गाड्यांच्या पत्र्याखालीं ॲश जातीच्या लांकडाची चौकट घालतो. मात्र २०१९ पासून त्या चौकटीखालीं ॲल्युमिनियमचा नवा सांगाडा आला. उलट अमेरिकेंतील कॉर्व्हेट ही १९५३ पासून पुढें एंजिन असलेली मोटार; तिच्या कर्त्यांनीं २०१९ सालीं एंजिन उचलून चालकाच्या पाठीमागें नेलें. एकानें देह राखून पाया बदलला, दुसऱ्यानें नांव राखून देह बदलला. दोन्ही गाड्या विकल्या जात आहेत. तेव्हां सर्वांस लागू पडेल असें एकच सूत्र नाहीं.

९११ च्या रीतीची किंमतही सांगितली पाहिजे. पहिल्या गाडीचें वजन सुमारें १०८० किलो होतें. २०१८ सालीं आलेल्या पिढीची साधी गाडीही दीड हजार किलोंच्या वर गेली. २०१७ च्या मे महिन्यांत दहा लाखावी ९११ बाहेर पडली, पण त्या आधींच, २००२ पासून, कारखान्याचा मोठा आधार कायेन ही चार दारांची अवजड गाडी झाली होती. जिच्याकडे पाहून जुन्या भक्तांनीं नाकें मुरडलीं, तिनें ९११ चा संसार चालविला. २०२४ सालीं ९११ च्या एका प्रकारांत पेट्रोलच्या एंजिनास विजेच्या मोटरची जोड मिळाली आणि शक्ति ५४१ अश्वांवर, म्हणजे पहिलीच्या चौपटीहून अधिक, गेली. त्याच वर्षीं मधली फेऱ्यांची खरीखुरी तबकडी जाऊन तेथें कांचेवरचें चित्र आलें, आणि डाव्या हाताची किल्ली फिरविण्याची रीत संपून तेथें दाबावयाचें बटण आलें. जागा डावीच. तबकडीसाठीं पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. पुढच्या पिढींत ती परत येईल, कीं पाण्याप्रमाणें याचाही विसर पडेल, हें आज सांगवत नाहीं.

यावरून मला जें वाटलें तें असें. कोणती गोष्ट प्राण आणि कोणती नुसतें वस्त्र, हें आधीं बसून तर्कानें ठरवितां येत नाहीं. वारा हा प्राण वाटत होता, तो वस्त्र निघाला. दिवे वस्त्र वाटत होते, त्यांत प्राणाचा अंश निघाला. आणि ज्यास आज सारे प्राण म्हणतात तें मागचें एंजिन, तो तर मुळांत दोष. तो दोष पूजिला असता तर माणसें मेलीं असतीं. टाकला असता तर दुसरीच मोटार झाली असती. साठ वर्षें एकामागून एक माणसें त्याच दोषाशीं झुंजत राहिलीं, हीच त्या मोटारीची खरी वंशावळ.

माझ्या वर्गांत एके काळीं चाळीस मुलें संस्कृत घेत. निवृत्त झालों त्या वर्षीं नऊ होतीं. रूपावलीचें घोकणें हाच विषयाचा प्राण, अशा समजुतीनें मीं तें अखेरपर्यंत एका अक्षरानें ढळूं दिलें नाहीं. मुलें कंटाळतात हें दिसत होतें. तो मुलांचा दोष मानून मी स्वस्थ बसलों. घोकणें टाकावें असें आजही मला वाटत नाहीं. पण तें दुरुस्त करावयास हवें होतें, आणि तें काम माझें होतें.

असो. नातवास त्या दिवशीं मीं एवढेंच सांगितलें कीं, “अरे, तुझें बारशाच्या दिवशींचें नांवच आज आहे, तूं मात्र तेवढासा राहिला नाहींस.” त्याचें समाधान झालें नाहीं. परत येतांना गाडींत बसल्यावर तो म्हणाला, “पण आजोबा, मी आपोआप वाढलों. त्या गाड्यांना कोणीतरी वाढवावें लागलें ना?” त्यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. निघण्याआधीं त्याला रामशब्द चालविण्यास शिकविला. या वेळीं फळ्यावर नव्हे, तर त्याच्याच खेळण्यांतल्या मोटारी ओळीनें मांडून. तीन विभक्ति झाल्या आहेत. बाकीच्या फोनवर चालल्या आहेत.